इंदूरला पाऊस कमीच, असं कोणी ठरवलं?

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ढगांवर ढग आपटले की गडगडाट होऊन पाऊस पडतो. मे जितका तापेल तितका पाऊस जोरात. आणि समुद्र लांब असल्याने इंदूरच्या नशिबी पाऊस कमीच, तेव्हा बोअर अजून खोल न्या. हा शेवटचा सल्ला घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ढगांची टक्कर म्हणून जो गडगडाट सांगितलाय, तो विजेचा असतो. वीज जाते तिथली हवा क्षणात प्रचंड तापून फुगते, त्याचा तो आवाज. पावसासाठी दमट हवा वर चढावी लागते. वर दाब कमी, त्यामुळे ती पसरते आणि गार होते. मग वाफेचं पाणी व्हायला काहीतरी आधार हवा. गार शिकंजीच्या पेल्याला बाहेरून थेंब धरतात, तिथे पेल्याचा आधार असतो. आभाळात धूळ, धूर, समुद्राचं मीठ यांच्या कणांचा. ढगातले हे थेंब इतके बारीक की पावसाच्या एका थेंबात असे साधारण दहा लाख मावतात. ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, किंवा उंचावर हिमकण वाढून खाली येताना वितळतात.

उन्हाचं म्हणाल तर सहारा काय कमी तापतो? तिथली हवा वरून खाली उतरते, उतरताना आणखी तापते, ढग धरतच नाही. २०१५ च्या मेमध्ये आंध्र-तेलंगणात उष्माघाताने हजारांवर माणसं दगावली. त्याच वर्षी एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापल्यामुळे, देशात मान्सून सरासरीच्या ८६ टक्क्यांवरच अडला. जमीन तापावी लागते हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही.

आता समुद्राचं अंतर. चिलीतलं आरिका हे शहर थेट पॅसिफिकच्या काठावर आहे आणि तिथे वर्षाची सरासरी १ मिलिमीटरही भरत नाही, कारण गार सागरी प्रवाह खालची हवा थंड ठेवतो, ती वर चढतच नाही. पुणं समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर, पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. इंदूर कितीतरी आत, तरी सरासरी ९०० च्या वर! महाबळेश्वरला ५,००० हून जास्त ओतून ढग सह्याद्री ओलांडतात, पुण्याला उरलंसुरलं मिळतं. माळव्याला मात्र बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टेही ओडिशा-छत्तीसगडवरून येऊन भिजवतात.

राहिला बोअर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ९०,००० लिटर पडतं आणि पाइपातून थेट नालीत जातं. तोच पाइप फिल्टर लावून बोअरकडे वळवा, म्हणजे ते पाणी जमिनीत मुरेल.