सर जॉन ओवेनला क्रॉमवेलने हसून सोडले नव्हते

राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडच्या यादवी युद्धातला एक किस्सा फार फिरतो. तो साधारण असा: सर जॉन ओवेन नावाच्या वेल्समधल्या एका लॉर्डने पहिल्या चार्ल्स राजासाठी हार्लेकचा किल्ला शेवटपर्यंत लढवला. १६४८ साली पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेलने त्याला पकडले आणि शिरच्छेदाची शिक्षा सुनावली. ओवेनने कमरेत वाकून आभार मानले आणि म्हणाला, मला तर वाटले होते तुम्ही फासावर लटकवाल. क्रॉमवेलला हसू आले. असा शूर माणूस मरता कामा नये, असे म्हणून त्याने ओवेनला सोडून दिले. पुढे ओवेन आपल्या जमिनी सांभाळत शांतपणे जगला.

यात ओवेन खरा आहे, शिक्षा खरी आहे आणि आभाराचे वाक्यही बहुधा खरे आहे. उरलेल्या मजकुराचे मात्र फारसे काही टिकत नाही.

‘वेल्समधला लॉर्ड’

लॉर्ड तो कधीच नव्हता, आणि सगळ्या किस्स्याची मेख इथेच आहे. ओवेनचा जन्म १६०० सालचा. कायर्नार्वनशायर परगण्यात पेनमोर्वाच्या बाजूला असलेली क्लेनेनाईची जमीनदारी त्याच्याकडे आईकडून आली. आईच्या घराण्यातले सर विल्यम मॉरिस पार्लमेंटचे सभासद होते. पहिल्या जेम्स राजाने ‘ग्रेट ब्रिटन’ हे नाव धारण करावे म्हणून १६०४ मध्ये सभागृहात हट्ट धरून बसलेले ते हेच. ओवेनचे वडील एलिझाबेथ राणीचे मंत्री सर फ्रान्सिस वॉल्सिंगम यांचे चिटणीस होते. म्हणजे घराणे खाऊनपिऊन सुखी, परगण्यात वजनदार, पण उमरावांच्या यादीत नाव नाही आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा अधिकारही नाही. १६२६ मध्ये इस्टेट हातात आली, काही वर्षांनी परगण्याचा शेरीफ म्हणून एक पाळी झाली. नावामागचे ‘सर’ डिसेंबर १६४४ मध्ये, लढाईच्या धामधुमीत मिळालेले. तो वंशपरंपरेने चालणारा किताब नव्हे.

‘हार्लेकचा किल्ला शेवटपर्यंत लढवला’

हार्लेक लढवला तो विल्यम ओवेनने, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाने. मार्च १६४७ मध्ये हा किल्ला पडला आणि पहिल्या यादवी युद्धात वेल्स-इंग्लंडच्या मुख्य भूमीवर राजाच्या बाजूने उरलेले शेवटचे ठाणे संपले. दोघेही ओवेन, दोघेही राजाचे, दोघांकडे समुद्राकाठचा एकेक किल्ला. घोटाळा होणे साहजिक आहे, पण भावाचे श्रेय भावालाच द्यावे.

जॉनच्या वाट्याला आले ते आधी पायदळ आणि मग उत्तर वेल्समधला कॉन्वीचा किल्ला. युद्ध सुरू झाल्यावर राजाच्या हुकूमनाम्यावर त्याने पायदळाची एक रेजिमेंट उभी केली. त्या काळी कागदावर अशा रेजिमेंटमध्ये १० कंपन्या असत: कर्नलची २०० जणांची, लेफ्टनंट-कर्नलची १६०, मेजरची १४० आणि सात कॅप्टनांच्या प्रत्येकी १००, एकूण १,२००. प्रत्यक्षात राजाच्या बाजूच्या फार थोड्या रेजिमेंटा या आकड्याच्या जवळपास पोचत. माणसे यायची ती कुळांमधून आणि आसपासच्या गावांमधून. पगार थकला किंवा कापणी आली की ती घरची वाट धरत. बंदुका तर सगळ्यांना कधीच पुरत नसत. जमीनदाराला कर्नल करण्यामागे हिशेब हाच होता की पळालेल्या माणसाचे घर त्याला ठाऊक असते. जुलै १६४३ मध्ये राजाच्या सैन्याने ब्रिस्टलवर हल्ला चढवला त्यात ओवेन जखमी झाला.

कॉन्वीचे प्रकरण त्या फिरत्या किस्स्यात येत नाही, कारण त्यात नायक तितकासा शोभत नाही. या किल्ल्याची डागडुजी यॉर्कचे आर्चबिशप जॉन विल्यम्स यांनी स्वतःच्या पैशांनी केली होती. ते कॉन्वीचेच. झालेला खर्च परत मिळेपर्यंत किल्ला त्यांच्याकडेच राहील, असे राजाने त्यांना लेखी दिले होते. त्या भरवशावर आसपासच्या घराण्यांनी आपली चांदीची भांडी, दस्तऐवज आणि किमती वस्तू किल्ल्यात ठेवायला दिल्या. मे १६४५ मध्ये ओवेन सैनिक घेऊन आला, कुलपे फोडून आत शिरला आणि आर्चबिशपना बाहेर काढले. त्याच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की त्याच्याकडे गव्हर्नरपदाची नेमणूक होती आणि लढाईत ठाण्याचा ताबा सैनिकाकडे असावा हे बरोबरच आहे. पण लोकांच्या ठेवी आत, मालक बाहेर आणि किल्ली ओवेनकडे, अशी स्थिती झाल्यावर राजाचे मित्रही त्याच्यापासून तुटले. पुढच्या वर्षी पार्लमेंटचा सेनानी टॉमस मिटन कॉन्वीसमोर आला तेव्हा खुद्द आर्चबिशप त्याच्या मदतीला उभे होते. ऑगस्ट १६४६ मध्ये शहर पडले. किल्ल्याने नोव्हेंबरपर्यंत दम धरला आणि मग अटी ठरवून दरवाजे उघडले. राजाने स्वतः मेमध्येच स्कॉटिश सैन्याच्या हवाली होऊन खेळ आटोपता घेतला होता, हे लक्षात घेतले तर ओवेनचा चिवटपणा कमी नव्हता.

‘१६४८ साली क्रॉमवेलने पकडले आणि शिक्षा दिली’

पकडला गेला ते साल बरोबर आहे, पकडणारा चुकला आहे. १६४८ च्या उन्हाळ्यात राजाच्या बाजूने पुन्हा उठाव झाले. ओवेनने उत्तर वेल्समध्ये माणसे जमवली. पार्लमेंटच्या बाजूच्या पत्रांत त्याच्याकडे सुमारे १५० घोडेस्वार आणि १२० पायदळ असल्याचा आकडा येतो. त्याने परगण्याचा शेरीफ विल्यम लॉइड याला चकमकीत जखमी करून पकडले, जखमी अवस्थेतच सोबत फिरवले आणि तो मेला. मिटन त्या वेळी कायर्नार्वनमध्ये होता आणि ओवेनने तिथेच वेढा घातला. मिटनच्या मदतीला कर्नल कार्टर आणि ट्विसलटन येत आहेत हे कळल्यावर वेढा सोडून तो त्यांना वाटेत गाठायला निघाला.

गाठ पडली ५ जून १६४८ रोजी, बँगोरजवळ लँडिगाईच्या किनाऱ्यालगत, अ डालार हीर या जागी. दोन्हीकडच्या आघाडीच्या घोडेस्वारांची आधी टक्कर झाली आणि ओवेनच्या बाजूने पहिला धक्का चांगला दिला. पण घोडदळाच्या लढाईत पहिल्या धक्क्यानंतर दोन्ही तुकड्या विस्कटतात, आणि ज्याची राखीव तुकडी अजून रांगेत उभी असते त्याची सरशी होते. ती पार्लमेंटकडे होती. ओवेनचे स्वार मोडले, पायदळ उधळले आणि कॅप्टन टेलर नावाच्या अधिकाऱ्याने समोरासमोरच्या झटापटीत ओवेनला घोड्यावरून खाली ओढून कैद केले.

क्रॉमवेल त्या दिवशी वेल्समध्येच होता, पण दुसऱ्या टोकाला, पेम्ब्रोकच्या वेढ्यात. तो वेढा ११ जुलैपर्यंत उठला नाही.

ओवेनच्या उठावाची खरी चूक वेळेची होती. ड्यूक ऑफ हॅमिल्टनचे स्कॉटिश सैन्य आता राजाच्या बाजूने सरहद्द ओलांडून आले ते जुलैत. अँगल्सी बेट उठले तेही जुलैत. दक्षिण वेल्सचा उठाव ८ मे रोजी सेंट फेगन्सला आधीच मोडला होता. या दोहोंच्या मध्ये तीनशेच्या आत माणसे घेऊन ओवेन एकटाच मैदानात होता.

शिक्षेची तारीख ६ मार्च १६४९. ती १६४८ का होते त्याचे कारण साधे आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जुन्या कागदांत त्या मार्चवर १६४८ असेच पडते. जानेवारी ते २४ मार्चमधली त्या काळातली कुठलीही इंग्लिश तारीख उचलताना हा एका वर्षाचा फरक तपासावा लागतो. इथे तो तपासला नाही की राजाच्या वधाआधीच (३० जानेवारी १६४९) ओवेनला शिक्षा झाली असा भलताच क्रम तयार होतो.

न्यायाधीशाच्या खुर्चीतही क्रॉमवेल नव्हता. खास नेमलेल्या उच्च न्यायालयाचा अध्यक्ष जॉन ब्रॅडशॉ होता, राजाला शिक्षा सुनावणारा तोच. आरोपी पाच: हॅमिल्टन, अर्ल ऑफ हॉलंड, अर्ल ऑफ नॉरिच, लॉर्ड केपल आणि ओवेन. पाचवा सोडला तर सगळे उमराव. ओवेनचा बचाव असा होता की रणांगणावर शस्त्र खाली ठेवताना आपल्याला जीवदान मिळाले आहे. सैनिकाने दिलेले अभय देशद्रोहाच्या खटल्याला आड येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

‘फाशीचा विनोद’

वाकून नमस्कार करून तो म्हणाला असे सांगतात की, वेल्सच्या गरीब गृहस्थाला एवढ्या थोर लॉर्डांबरोबर डोके गमावण्याचा मान मिळतो आहे, मी तर फाशीला भीत होतो. फिरत्या किस्स्यात हे मरणाला हसणाऱ्या बेफिकीर वीराचे वाक्य होते. तसे ते असेलही, पण त्याच्या तळाशी कायदा आहे. देशद्रोहाला सामान्य माणसासाठी ठरलेली शिक्षा नुसती फाशी नव्हती: वधस्थानापर्यंत फरपटत न्यायचे, टांगायचे, जीव जायच्या आत उतरवून आतडी काढायची आणि धडाचे चार तुकडे करायचे. कुऱ्हाडीचा एक घाव ही उमरावांना मिळणारी सवलत होती. खऱ्या लॉर्डने हे आभार मानले असते तर वाक्याला अर्थच उरला नसता. ओवेनला लॉर्ड केले की त्याचा विनोद मरतो, हे त्याला लॉर्ड करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

‘शूर म्हणून सोडले’

ही या किस्स्यातली सर्वांत मोठी चूक, कारण घडले ते जवळजवळ उलटे.

दयेचे अर्ज ८ मार्चला हाउस ऑफ कॉमन्ससमोर आले आणि एकेकाच्या नावावर वेगळे मतदान झाले. हॉलंड एका मताने हरला, ३० विरुद्ध ३१. नॉरिचच्या वेळी मते समसमान पडली आणि सभापती लेंथॉलने आपले निर्णायक मत त्याच्या बाजूने टाकले. हॅमिल्टन आणि केपल यांना नकार मिळाला. ओवेन वाचला २८ विरुद्ध २३ मतांनी. बाकी तिघांची डोकी दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, वेस्टमिन्स्टरच्या आवारात उडाली.

या चर्चेत क्रॉमवेल केपलबद्दल बोलला, असे त्या काळाचा इतिहासकार क्लॅरेंडन लिहितो. त्याने केपलच्या गुणांची तोंड भरून स्तुती केली आणि मग तेच कारण पुढे केले: धैर्यवान, उद्योगी आणि निष्ठावान असा हा माणूस जिवंत असेपर्यंत आपल्याला सुखाने बसू देणार नाही, म्हणून तो मेला पाहिजे. क्लॅरेंडन राजाच्या बाजूचा आणि तेव्हा परदेशात, त्यामुळे शब्दन् शब्द धरून चालता येत नाही. पण तर्क त्या सभागृहाला शोभणारा आहे. तिथे शौर्य हे आरोपीच्या विरुद्ध जाणारे कलम होते.

मग ओवेन कसा वाचला? क्लॅरेंडनच्या म्हणण्यानुसार क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन उठला आणि म्हणाला की इतरांसाठी त्यांचे मित्र धावपळ करत आहेत, या एकट्यासाठी कोणी चकार शब्द काढलेला नाही, तेव्हा सभागृहाने निव्वळ आपल्या मर्जीने याला वाचवावे. पार्लमेंटच्या बाजूची ल्यूसी हचिन्सन हे श्रेय आपल्या नवऱ्याला, कर्नल जॉन हचिन्सनला देते: या गरीब नाइटसाठी कोणीच बोलत नाही याचे त्याला वाईट वाटले, शेजारी बसलेल्या आयर्टनला त्याने साथ द्यायला सांगितले आणि दोघांनी मिळून विषय मांडला. ती नवऱ्याच्या लौकिकासाठी लिहीत होती, हे विसरून चालत नाही. तरी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे हे दोन लेखक एका गोष्टीवर सहमत आहेत, आणि म्हणून ती धरून ठेवण्याजोगी आहे: ओवेनच्या मागे कोणी नव्हते. मोठ्यांसाठी बायका, नातलग आणि दरबारी ओळखी रांगेत उभ्या होत्या, म्हणून त्यांच्या प्रत्येक मतात राजकारण शिरले. क्लेनेनाईच्या जमीनदाराला सोडल्याने कोणाचेच फारसे बिघडत नव्हते. हसण्याचा आणि सोडून देण्याचा प्रसंग या दोन्ही वृत्तांतांत नाही. सुटकाही तिथल्या तिथे झाली नाही. तो कैदेतून बाहेर पडला सप्टेंबर १६४९ मध्ये.

दयाच शोधायची तर त्याच उठावातल्या दक्षिण वेल्सच्या तिघांकडे पाहावे. पॉयर, पॉवेल आणि लाहार्न यांना लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला, मग तिघांपैकी एकालाच मारायचे ठरवून एका लहान मुलाकडून चिठ्ठ्या काढवल्या. कोरी चिठ्ठी पॉयरच्या नावावर निघाली आणि २५ एप्रिल १६४९ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

‘उरलेले आयुष्य शांतपणे’

तसे जगला असता तर सरकारलाही बरे वाटले असते. राजसत्ता नसलेल्या त्या अकरा वर्षांत संशयावरून त्याची धरपकड होत राहिली. ऑगस्ट १६५९ मध्ये सर जॉर्ज बूथने चेशायरमध्ये राजासाठी बंड केले तेव्हा साठीला टेकलेला ओवेन पुन्हा त्यात होता. विनिंग्टन पुलाजवळ पार्लमेंटचा सेनानी लँबर्टने ते बंड मोडले आणि क्लेनेनाईच्या जमिनींवर परत जप्ती आली. पुढच्याच वर्षी दुसरा चार्ल्स गादीवर बसला. ओवेनच्या पदरात उत्तर वेल्सच्या व्हाइस-अ‍ॅडमिरलचे पद पडले. १६६६ मध्ये तो वारला आणि पेनमोर्वाच्या चर्चमध्ये त्याला पुरले. त्याच्या घराण्याची पत्रे आज अ‍ॅबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.