दुसरी पृथ्वी : साहित्य आणि कृती

पहिल्या पावसात अळंबी उगवावी तशी दर वर्षा-दोन वर्षांनी बातम्यांत एक दुसरी पृथ्वी उगवते. मग पुढची तुम्हीच का शोधू नये? अवघड काही नाही. नमुन्यादाखल प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा ग्रह घेऊ. २४ ऑगस्ट २०१६ ला तो जाहीर झाला, आणि सगळ्यांत जवळचा म्हणून आजही त्याचा भाव पडलेला नाही.

आधी तारा निवडा. सूर्यासारख्या ताऱ्याच्या नादी लागू नका. ग्रह थेट दिसत नाही, त्याच्या ओढीने तारा किती हलतो ते पाहायचं; आणि पृथ्वी आपल्या सूर्याला हलवून हलवून हलवते ती सेकंदाला ९ सेंटिमीटर, तेही एका झोक्याला वर्ष लावून. लाल खुजा तारा घ्यावा. प्रॉक्सिमाचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतकं, आणि ग्रह ११.२ दिवसांत प्रदक्षिणा उरकतो. त्यामुळे तारा सेकंदाला १.४ मीटर वेगाने मागेपुढे डुलतो. म्हणजे ताशी ५ किलोमीटर, सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांची चाल. ही चाल ४.२४ प्रकाशवर्षांवरून मोजायची. प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा सुमारे २१ कोटी भागांतल्या एका भागाएवढ्या सरकतात. त्यासाठी चिलीतल्या ला सिया इथे ३.६ मीटरच्या दुर्बिणीला हार्प्स नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे. तो निर्वात टाकीत ठेवतात, आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागानेही हलू देत नाहीत. तुमच्याकडे टाकी नसेल तर ही पायरी गाळा, बातमी देणाऱ्यांचं तिच्यावाचून अडत नाही.

आता वस्तुमान. शोधनिबंधात लिहिलेलं असतं, 'किमान वस्तुमान पृथ्वीच्या १.२७ पट'. त्यातला 'किमान' हा शब्द कढीपत्त्यासारखा ताटाच्या कडेला काढून ठेवा. ग्रहाची कक्षा आपल्याला बरोबर कडेवरून दिसत असेल तरच तो आकडा पुरा खरा. समोर धरलेल्या ताटासारखी दिसणारी कक्षा त्या स्थितीपासून ३० अंशच कललेली असेल तर वस्तुमान दुप्पट होतं, १० अंशच असेल तर पावणेसहा पट. इतक्या टोकाच्या शक्यता कमी आहेत, पण शक्यता हा शब्द मथळ्यात बसत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून गेला असता तर त्याची सावली मोजून त्रिज्या कळली असती. स्पिट्झर दुर्बिणीने शोधून पाहिलं, तसं अधिक्रमण सापडलं नाही. त्रिज्या नाही म्हणून घनता नाही, आणि घनता नाही म्हणून ग्रह दगडाचा की वायूचा हेही मोजलेलं नाही. अशा वेळी 'खडकाळ' हा शब्द बिनधास्त वापरावा. ऐकायला टणक वाटतो.

यानंतर मुख्य मसाला : 'राहण्यायोग्य पट्टा'. हे गणित पाचवीतलं पोरही करील. ताऱ्याचं तेज सूर्याच्या किती पट ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, सूर्य-पृथ्वी अंतराने गुणा. प्रॉक्सिमाचं तेज ०.००१६, वर्गमूळ ०.०४, अंतर ६० लाख किलोमीटर. ग्रह आहे ७३ लाखांवर. बसला पट्ट्यात! इतक्या अंतरावर पाणी द्रवरूप राहू शकेल, असा या पट्ट्याचा अर्थ. अट एकच, की पाणी असावं, आणि ते धरून ठेवणारी योग्य जाडीची हवाही असावी. मसाल्याच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं तसं हे. हवा सोडून नुसतं तापमान काढलं तर प्रॉक्सिमाच्या ग्रहाचं उत्तर उणे ४० सेल्सियसच्या आसपास येतं. घाबरू नका, याच रीतीने पृथ्वीचंही उणे १८ येतं. शुक्राचं मात्र काढू नका. तेही उणे ४० च्या खाली-वर येतं, आणि शुक्रावर प्रत्यक्षात शिसं वितळतं. वाचकाला हे गणित एकदा जमलं की तो अवघड प्रश्न विचारू लागतो.

हवेचा विषय निघालाच तर के२-१८बी या दुसऱ्याच एका ताऱ्याच्या ग्रहाकडे बोट दाखवून मोकळे व्हा. २०१९ मध्ये तिथे पाण्याची वाफ सापडली म्हणून पेढे वाटले गेले. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने पाहिलं तर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले, वाफेची खात्रीची खूण मिळाली नाही. पेढे परत मागायची पद्धत नाही.

पुढे जाहिरात. ग्रहाची एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे तोंड करून असते, म्हणजे अर्ध्या जगात सदा दुपार आणि अर्ध्यात सदा मध्यरात्र. याला 'चोवीस तास सूर्यप्रकाश' म्हणता येतं. ११.२ दिवसांचं वर्ष हेही आकर्षणच, जन्मल्यावर दोन वर्षं भरायच्या आत षष्ट्यब्दिपूर्ती. ताऱ्याच्या तापटपणाबद्दल मौन पाळा. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्सिमावर असा भडका उडाला की त्याचा दृश्य प्रकाश काही मिनिटांपुरता ६८ पट झाला. एरवीही ग्रहावर पृथ्वीपेक्षा काही शे पट क्ष-किरण पडतात, आणि असा मारा अब्जावधी वर्षं चालला तर हवा टिकते का, यावरच सगळा वाद आहे. चित्र छापताना खडकाळ जमीन, क्षितिजावर लालसर तारा, जमल्यास थोडं पाणी. 'कल्पनाचित्र' हा शब्द घडीवर येईल असा छापा.

पाहुण्यांना ग्रह दाखवायचा असेल तर मेच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेचं मोकळं क्षितिज गाठा. मुंबईहून नरतुरंगातला मित्र तारा जेमतेम १० अंश वर येतो, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. मालवणला १३ अंश मिळतात. प्रॉक्सिमा त्याच्यापासून सव्वादोन अंशांवर आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकातल्या अंधुक ताऱ्याहूनही ती शंभर पट मंद. म्हणून बोट मित्राकडे करा आणि 'त्याच्याच बाजूला' एवढंच म्हणा. कधी जायचं असं कुणी विचारलंच, तर व्हॉयेजर-१ या अंतराळयानाच्या सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने ७५ हजार वर्षं लागतात. लहान मुलांचं अर्धं तिकीट काढू नका, वाटेत मोठी होतील.

एक गोष्ट मात्र बिघडू शकते : ग्रहच नाहीसा होणं. ताऱ्यावर डाग असतात, तारा फिरतो तसे तेही फिरतात, आणि वर्णपटाला ग्रहासारखेच हेलकावे देतात. प्रॉक्सिमाला स्वतःभोवती फिरायला सुमारे ८३ दिवस लागतात, ग्रहाचे ११.२ दिवस त्यात गुंतत नाहीत, म्हणून तो टिकला. तूळ राशीतल्या ग्लीझ ५८१ या ताऱ्याच्या ग्रहांचं तसं झालं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये तिथला 'जी' हा ग्रह जाहीर झाला. तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता शोधणाऱ्यांपैकी एकाने, स्वतःचं मत म्हणून का होईना, थेट १०० टक्के सांगून टाकली. दोनच आठवड्यांत ग्रह शोधणाऱ्या जिनिव्हाच्या गटाने तोरिनोच्या परिषदेत सांगितलं, आमच्या नोंदींत तो दिसत नाही. २०१४ मध्ये त्याच ताऱ्याचा 'डी' हा ग्रहही गेला. त्याचा ६७ दिवसांचा काळ म्हणजे ताऱ्याच्या १३० दिवसांच्या फेरीचा साधारण निम्मा निघाला, ग्रह नव्हेच, डागांचा खेळ. काही जण अजून हरकत घेतात, पण ग्रह काही परत आला नाही.

अडचण टपालाची झाली. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टिडबिनबिला इथल्या अँटेनावरून लोकांचे सुमारे २६ हजार निरोप याच 'डी'च्या पत्त्यावर रवाना झाले होते. वीस प्रकाशवर्षांचा पल्ला, २०२९ च्या अखेरीस ते पोचतील. उलट टपाली उत्तर आलं तरी २०५० उजाडेल. तोवर निरोप पाठवणाऱ्यांपैकी कुणी भेटलं तर जागामालकाचा विषय काढू नये.