उचल घेतलेला बँड

एखाद्या रॅपरने मोठ्या लेबलशी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी, करार केला की खाली 'विकला गेला भाऊ'च्या कमेंट्स सुरू होतात. नव्वदच्या दशकात निर्वाणा हा रॉक बँड सिएटलचं सब पॉप हे छोटं लेबल सोडून गेफेन या मोठ्या लेबलकडे गेला तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलेलं. मला या रडगाण्याचा जाम कंटाळा आलाय. विकला गेला तर गेला, केवढ्याला गेला आणि सोबत काय काय देऊन बसला ते कुणीच विचारत नाही.

लेबलचा ॲडव्हान्स म्हणजे सरळसरळ उचल आहे. ऊसतोड टोळ्या मुकादमाकडून घेतात, तमाशाच्या फडात कलाकार मालकाकडून घेतात, तीच. पैसे आधी हातात, मग हंगामभर फेडा, नाही फिटले तर पुढच्या हंगामालाही तुम्ही बांधलेलेच. लेबलवाले तर त्याहून पुढचे, स्टुडिओ, प्रोड्युसर, व्हिडिओ सगळ्याचा खर्च बहुतेक वेळा तुमच्याच खात्यावर पडतो आणि रेकॉर्डिंगची मालकी मात्र त्यांच्याकडे.

स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअरने 1993 मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात हा सगळा हिशोब मांडून दाखवलेला. चौघांचा एक काल्पनिक बँड घेतला, अडीच लाख डॉलर ॲडव्हान्स, अडीच लाख कॉप्या खपल्या, म्हणजे कुणीही हिटच म्हणेल. शेवटी लेबलला 7,10,000 डॉलर, प्रोड्युसरला 90,000, मॅनेजरला 51,000 आणि बँडमधल्या प्रत्येकाला 4,031 डॉलर 25 सेंट! वर रॉयल्टीच्या खात्यात 14,000 डॉलरची बाकी अजून बँडच्याच डोक्यावर. सेव्हन-इलेव्हन दुकानाच्या काउंटरवर उभे राहिले असते तर याच्या तिप्पट कमावलं असतं असं तो लिहितो. बरं, हा माणूस नुसता लेख लिहून थांबला नाही. त्याच वर्षी निर्वाणाचा अल्बम रेकॉर्ड करताना त्याने रॉयल्टीतला हिस्सा नाकारला, मला प्लंबरसारखे कामाचे पैसे द्या म्हणाला. 2024 मध्ये वारला, तोपर्यंत तत्त्व तेच.

दुसरं टोक म्हणजे वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. 1980 पासून चालू, करार-बिरार काही नाही, खर्च वजा जाता नफा अर्धा बँडचा. त्यांचा फुगाझी बँड शोला साधारण पाच डॉलर तिकीट ठेवायचा, आणि कुणी पब्लिकमध्ये मारामारी करायला लागला तर गाणं थांबवून त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून हातात द्यायचे आणि बाहेर! मला हे फार आवडतं. बँड 2003 पासून बंद आहे पण रेकॉर्डिंग त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे शेकडो जुने शो त्यांनी वेबसाइटवर विकायला ठेवलेत, त्याच पाच डॉलरला.

पण हे वाचून लगेच 'बघा, इंडीच राहा', म्हणजे मोठ्या लेबलशिवाय स्वतंत्रच राहा, म्हणू नका. तेव्हा लोक रेकॉर्ड विकत घ्यायचे. आता 2024 पासून स्पॉटिफायवर गाण्याला वर्षभरात हजार स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्याची रॉयल्टी शून्य. आणि अंडरग्राऊंड जपलं पाहिजे म्हणून बोंबलणारे बरेचसे आपल्यासारखे पगारदार, पाचशेचं तिकीट म्हटलं की गेस्टलिस्टमध्ये नाव टाक ना म्हणणारे. पोराने मग भाडं कशातून भरायचं?

मुंबईचा रॅपर डिव्हाइनने सोनीसोबत गाणी काढली, नंतर गली गँग ही स्वतःची कंपनी उभी केली, मला तरी यात विकलं जाणं वगैरे काही दिसत नाही. 'तांबडी चामडी' तर मराठी गाणं असून हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून आलं, आपल्या इथल्या कंपन्या तेव्हा काय करत होत्या देव जाणे.

आपल्याकडे एक गोष्ट बरी झाली, कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा एकरकमी पैसे देऊन लिहून घेता येत नाही. म्हणजे कायद्याने तरी. पण तो वाटा हातात पडायला आधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्य व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात, आणि पोरं तेच करत नाहीत, रील आधी टाकतात. मास्टर्सचं, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या मालकीचं, मात्र करारात जे असेल ते. 'कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात' असे शब्द खरंच असतात त्यात, म्हणजे उद्या मंगळावर गाणं वाजलं तरी पैसे कंपनीचे.

फ्रेंडलिस्टमध्ये कॉपीराइटमधलं कळणारं कुणी वकील असेल तर कमेंटमध्ये हात वर करा. ओळखीतल्या दोन पोरांना करार वाचून हवाय, सही अजून केलेली नाही, फी देतील पण जरा सांभाळून घ्या.