खुलासा: ‘जास्त तापलं तर साप आपणच सरकतो’ हे खरं नाही

बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतोय: ‘पेटीत विजेवर तापणारा दगड ठेवा. जास्त तापला तर साप आपणच सरकेल, थर्मोस्टॅटची (तापमान ठरावीक पातळीवर राखणाऱ्या यंत्राची) गरज नाही.’ कृपया यावर विसंबू नका.

पेटीतली हवा गार असेल तर साप उबेसाठी त्या दगडाला बिलगून राहतो आणि पोटाचे खवले भाजले तरी हलत नाही. ही जखम पहिल्या दिवशी फारशी दिसतही नाही. आधी लाली, मग फोड; तोवर उशीर झालेला असतो.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला पेटीच्या एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ आणि दोन्हीकडे लपायला जागा लागते. गार टोकाला आडोसा नसेल तर हा बुजरा प्राणी उष्णता सोसत गरम टोकालाच दडून बसतो. ‘आपणच सरकेल’ हा दावा इथेच कोसळतो.

हीटिंग मॅट (विजेवर तापणारी चटई) वापरा, पण थर्मोस्टॅट लावूनच, आणि त्याचा सेन्सर मॅटवर पक्का बसवून. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर काचेजवळचं तापमान दाखवतो, साप पोट टेकतो तिथलं नाही.

विदर्भातल्या मे महिन्यात तर प्रश्नच उलटा होतो. खोली ४० अंशांवर गेली की मॅट बंद करून पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.