मॅकिन्ले दोनदा का?

काल कट्ट्यावर नऊला सुरू झालेला विषय साडेअकरा झाले तरी मिटेना, म्हणून लिहून ठेवतोय, नाहीतर दोन दिवसांत अर्धं विसरेन.

सुरुवात वकिलाने केली (आमच्यात सगळे कामधंद्यावरून ओळखले जातात, अमरावतीकर तेवढा गावावरून). मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, हे वाच. १९९६ च्या ऑगस्टमधला मेसेज होता. तेव्हा युजनेटच्या (म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-फलकांच्या) ग्रुपांवर असे शेकडो मेसेज येऊन पडले होते आणि सगळ्यांचा विषय एकच, "मार्कोव्हियन पॅरलॅक्स डेनिग्रेट". आत नुसते इंग्रजी शब्द. जिटरबगिंग, मॅकिन्ले, एब, ब्रेक, न्यूटोनियन, इन्फरिंग, असं खालपर्यंत, ना कर्ता ना कर्म.

"बघ ना, मॅकिन्ले आणि लगेच एब. एब म्हणजे लिंकन. लिंकनला गोळी घातली १८६५ ला, मॅकिन्लेला १९०१ ला. दोन खून झालेले राष्ट्राध्यक्ष शेजारी शेजारी आणि पुढचा शब्द ब्रेक! खाली परत मॅकिन्ले येतो, आणखी खाली मॉर्फिन. हे उगाच आहे का?"

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

मास्तर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. तो म्हणाला, अरे, नावातच मार्कोव्ह आहे. या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या एका काव्यातली २० हजार अक्षरं घेऊन स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा ते हाताने मोजलं होतं. त्याच्या साखळीत पुढे काय येणार हे आत्ता काय आलंय त्यावरून ठरतं. पण इथे तर तेही दिसत नाही, खरी साखळी असती तर निदान दोन-तीन शब्द तरी एकमेकांना धरून आले असते, हे म्हणजे डिक्शनरीत डोळे मिटून बोट ठेवल्यासारखं वाटतंय.

वकील ऐकेना. मग मास्तरने टपरीवरचा पेपर उचलला आणि न बघता पाच ठिकाणी बोट ठेवलं. लिलाव, आजी, बोगदा, हळद, सोमवार. झालं, अर्ध्या मिनिटात वकिलाची आजी घराचा लिलाव व्हायच्या आत हळदीच्या डब्यात दागिने घालून सोमवारच्या पॅसेंजरने निघाली होती आणि गाडी बोगद्यात थांबली होती, आणि चहावाल्यासकट आम्ही सगळे विचारत होतो, पुढे काय झालं? मला यात वकिलाचा वेडेपणा अजिबात वाटत नाही. शब्द आहेत म्हणजे बोलणारा कुणीतरी असणारच, हे आपण बोलायला शिकतो तेव्हापासून आपल्यात मुरलेलं असतं.

इतका वेळ गप्प बसलेला अमरावतीकर तेव्हा बोलला. त्याच्या आजोळी महानुभाव पंथ. तो म्हणाला, मास्तर, न कळणारं सगळंच कचरा नसतं रे. आमच्या पंथाच्या पोथ्या शेकडो वर्षं सकळ लिपीत होत्या, एका अक्षराच्या जागी दुसरं, किल्ली माहीत नसेल तर वाचणाऱ्याला निव्वळ गोंधळ दिसणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की आत मराठीतलं किती जुनं आणि किती सुंदर गद्य आहे. "पण तोपर्यंत लोक थांबले का? आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही म्हटल्यावर ज्याला जे वाटलं ते त्याने सांगितलं. मानभावी हा शब्द कुठून आला? महानुभाववरूनच ना? म्हणजे ढोंगी! माझी आजी हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला की उठून आत जायची."

कुणी काही बोललं नाही.

मग मला वकिलाने संध्याकाळीच आमच्या ग्रुपवर टाकलेली पोस्ट आठवली. त्या शेकड्यांतला जो मेसेज टिकून राहिला त्यावर पाठवणारी म्हणून एका बाईचं नाव आहे. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच नावाची दुसरी एक बाई हेरगिरीच्या प्रकरणात अडकली होती, आणि लगेच गोष्ट तयार, की हे हेरांचे निरोप आहेत. तिने सांगितलं माझा याच्याशी संबंध नाही, तरी गोष्ट चालूच राहिली. वकिलानेही नावासकट तीच गोष्ट पुढे पाठवली होती. मी म्हणालो, शब्दांची गोष्ट कर, रात्रभर कर, मी ऐकेन, पण ती जिवंत बाई आहे रे, तिच्या घरी हे कोण निस्तरणार?

तो चिडला, म्हणाला नाव तर इंटरनेटवर सगळीकडेच आहे. बरीच वादावादी झाली, मास्तर माझ्या बाजूने, चहावाला त्याच्या. शेवटी वकिलाने मोबाईल काढला, पोस्ट दाबून धरली आणि सगळ्यांसाठी डिलीट केली. केल्यावर लगेच मास्तरकडे वळला, "ठीक आहे, बाई नको. पण डोळे मिटून बोट ठेवलं तर मॅकिन्ले दोनदा कसा येईल, ते सांग."

मास्तर पेपरच्या कडेला आकडेमोड करत बसला. चहावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं.