चाक मोडलं म्हणजे पायलटनेच आपटलं, असं नसतं

बारामतीच्या बाजूला शिकाऊ विमानाला अपघात झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. उतरताना चाक मोडलं म्हणजे शिकाऊ पायलटनेच विमान आपटलं. छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं खाली येतं. ब्लॅक बॉक्स दाखवत नाहीत म्हणजे प्रकरण दडपलं. आणि चौकशी असते ती पायलटवर खापर फोडायला. पोरांना वैमानिक करायला पाठवलेले आईबाप हे वाचतात, ती पोरंही वाचतात. म्हणून हे उत्तर.

आधी चाकाचं. उतरताना चुका होतात, बऱ्याच होतात, हे मान्य. पण मोडलेला भाग स्वतःच साक्ष देतो. एका दणक्यात तुटलेल्या धातूचा छेद बहुधा सगळीकडे खडबडीत असतो. थकून तुटलेल्या धातूत मात्र हळूहळू सरकत आलेल्या भेगेच्या वळणदार रेषा दिसतात, ओसरत्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा, आणि शेवटी उरलेला तुकडा तेवढा खडबडीत. शिकाऊ विमान एकाच फेरीत पुन्हापुन्हा टेकतं आणि उडतं. दर वेळी भार येतो चाकाच्या दांड्यावर आणि बोल्टवर. कधीतरी कुणाच्या तरी जोरदार लँडिंगमध्ये पडलेली बारीक चीर अशी वाढत राहते आणि एखाद्या दिवशी, अगदी अलगद उतरतानाही, दांडा दगा देतो. त्या दिवशी आत बसलेल्या मुलीचा त्यात काय दोष? अशी चीर नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यासाठी भेगेत शिरणारा रंगीत द्रव किंवा चुंबकीय कण वापरून तपासणी करावी लागते. तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा: तो भाग शेवटचा कधी तपासला होता?

इंजिनाचं उत्तर हडपसरला आहे. तिथल्या ग्लायडिंग सेंटरवरची ग्लायडर इंजिनाशिवायच उतरतात. उडायला शिकवताना वापरतात ती छोटी सेसना 172 ग्लायडरइतकी तरंगत नाही, पण इंजिन बंद असताना वारा नसेल तर 1000 फूट उंचीमागे साधारण अडीच किलोमीटर पुढे जाते. कमी उंचीवर इंजिन गेलं तर जागा निवडायला वेळ उरत नाही. खरा धोका तिथे आहे.

ब्लॅक बॉक्स दडपायला तो आधी विमानात असावा लागतो. त्याची सक्ती मुख्यतः 5700 किलोंहून जड विमानांना असते आणि सेसना 172 भरलेली असतानाही 1100-1150 किलोंच्या आसपास भरते. तपासणारे मग अवशेष, देखभालीच्या नोंदी, रेडिओवरचं बोलणं आणि काही नव्या विमानांत डिजिटल पॅनेलच्या मेमरी कार्डावरची माहिती जुळवतात.

राहिलं खापर. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघात तपासाचा हेतू एकच: पुढचा अपघात टाळणं. दोष ठरवणं हे त्याचं काम नाही. भारतात 2012 पासून त्यासाठी एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो, ही वेगळी यंत्रणा आहे. हे कागदावरचं सौजन्य नाही. जोरदार लँडिंग झालं की ते सांगायचं, नोंदवायचं आणि पुढच्या उड्डाणाआधी चाकांची तपासणी करून घ्यायची, अशी पद्धत आहे. पण आपल्याच नावाने बोंब होणार हे ठाऊक असलेलं विशीतलं पोर गप्प बसतं, वहीत काही लिहिलं जात नाही, आणि विमान न तपासता दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जातं.