मराठी कागद आधी की डेटा आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि उत्तर चार ओळीत बसेना म्हणून वेगळं लिहितोय. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की विधेयकं, त्यातल्या दुरुस्त्या, तारांकित प्रश्नांची उत्तरं हे सगळं कॉम्प्युटरला वाचता येईल, शोधता येईल अशा रूपात लोकांना फुकट मिळालं पाहिजे. त्यावर तुमचं म्हणणं असं की कर्नाटकातल्या सीमाभागातली मराठी माणसं इतकी वर्षं साधा मराठीत सरकारी कागद मागायलीत तो मिळत नाही, तिथं हे डेटाचं काय काढलंय, हे बेंगळूरच्या आयटीवाल्यांचं खूळ, शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, आणि सुवर्णसौधमध्ये (कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत) अधिवेशन वर्षातनं जेमतेम दहा दिवस, तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला.

मराठी कागदांबद्दल तुमच्या-माझ्यात वाद नाहीच. ती मागणी म्हणजे कुणाकडं मेहेरबानी मागणं नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं देशपातळीवर मान्य झालेली आहेत त्यात स्पष्ट आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांवर लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम, नोटिसा त्या भाषेत भाषांतर करून प्रसिद्ध करायच्या. खानापूर तालुक्यात, बेळगाव तालुक्यात, निपाणीकडं मराठी किती हे मी तुम्हाला सांगायला नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा असं लिहिलंय. तेव्हा ती मागणी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुम्ही या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्यात ते मला पटत नाही, कारण माझ्या मते दुसरी मिळाली तर पहिलीची वाट पाहत बसावं लागणार नाही.

शेतकऱ्याचंच घ्या. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासला जमीन जाऊ नये म्हणून आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी केवढा लढा दिला ते तुम्ही बघितलंय. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते ती १९५६ च्या कायद्याखाली, त्यात कलम ३ए ची अधिसूचना (ही जमीन घ्यायचा विचार आहे असं सांगणारी) राजपत्रात येते आणि तिथनं हरकत घ्यायला मिळतात फक्त २१ दिवस. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक पेपरात छापायचा, त्यातला एक स्थानिक भाषेतला, पण ती भाषा कुठली हे कायदा सांगत नाही. आणि मूळ राजपत्र? केंद्राचं राजपत्र ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापायचंच बंद झालंय, आता फक्त ऑनलाईन, हिंदी आणि इंग्रजीत. म्हणजे येळ्ळूरच्या किंवा मच्छेच्या माणसानं रोज वेबसाईट उघडून एकेक पीडीएफ खाली-वर करून आपला सर्व्हे नंबर हुडकायचा का? तोच मजकूर जर गाव, तालुका, सर्व्हे नंबर, तारीख अशा वेगवेगळ्या रकान्यात दिला तर गावातला कॉलेजला जाणारा पोरगासुद्धा असं काही बनवू शकेल की आपल्या गावाचं नाव राजपत्रात आलं की त्याच दिवशी व्हॉट्सअपवर मराठीत मेसेज येईल. २१ दिवसातला पहिला दिवस मिळणं आणि अठरावा दिवस मिळणं यात काय फरक आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ज्यांना हे आयटीवाल्यांचं खूळ वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावाच.

आता भाषांतराचं. कन्नडमध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याचा इंग्रजी मजकूर राज्यपत्रात प्रसिद्ध झाला की घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे तोच अधिकृत इंग्रजी मजकूर मानला जातो. म्हणजे इंग्रजी मजकूर असतो. आणि हे फार लोकांना माहीत नाही, आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कुणालाही कायद्याचं भारतीय भाषेत भाषांतर करून छापायची मोकळीक आहे, सरकारनं त्या भाषेत ते आधी केलेलं नसेल तर. अट एवढीच की हे सरकारमान्य भाषांतर नाही असं ठळक लिहायचं. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं आहे की हो! अडतं कुठं, तर फाईलमध्ये. जुनी कितीतरी कन्नड कागदपत्रं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेली, स्क्रीनवर अक्षरं छान दिसतात पण कॉपी करून दुसरीकडं टाकलं की नुसता कचरा, कारण आत युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, नाहीच. आपल्याकडं श्रीलिपीत टाईप केलेल्या मराठी फाईलींचंही हेच होतं. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर कागदाचा फोटोच, त्यात शोध काय लागणार. मशीनला ना वाचता येतं ना भाषांतर करता येतं. मजकूर स्वच्छ युनिकोडमध्ये, कलमवार आला तर मशीन पहिला कच्चा खर्डा करेल, आणि आपल्या भागातले मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही जाणणारे वकील, मास्तर लोक तो तपासतील. तपासल्याशिवाय चालणारच नाही, कायद्यात एक 'नाही' गळला की अर्थ उलटा होतो, म्हणून प्रत्येक कलमाशेजारी मूळ कलम ठेवायचं.

दहा दिवसांच्या अधिवेशनाचं म्हणाल तर तिथं पास झालेला कायदा बारा महिने लागू असतो ना. २०२१ साली धर्मांतरबंदीचं विधेयक आपल्याच सुवर्णसौधमध्ये २१ डिसेंबरला मांडलं आणि २३ डिसेंबरला विधानसभेत पास झालं, तेही आवाजी मतदानानं. कायदा चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवा, पण दोन दिवसात कुठल्या शेतकऱ्यानं, कुठल्या व्यापाऱ्यानं तो वाचायचा? आणि आवाजी मतदान झालं की कुठल्या आमदारानं काय मत दिलं याची नोंदच राहत नाही, मग जिल्ह्यातल्या १८ आमदारांना आपण नंतर विचारणार काय. इथं नुसतं सॉफ्टवेअर आणून भागणार नाही, मतविभागणी, म्हणजे प्रत्येक आमदाराच्या मताची नोंद, मागितली पाहिजे, म्हणून मी या दोन्ही गोष्टी एकत्र मागतोय.

एक मात्र सांगतो, पेपरलेस विधानसभा म्हणजे हे नव्हे. हिमाचल २०१४ मध्येच पेपरलेस झालं, नागालँडनं २०२२ मध्ये केंद्राचं नेवा हे ॲप वापरून सभागृह चालवलं, चांगलंच आहे, पण आमदाराच्या बाकावर टॅबलेट आला म्हणून बाहेरच्या माणसाला काही मिळालं असं होत नाही. ब्रिटननं २०१० मध्ये कायद्यांची एकच वेबसाईट सुरू केली, तिथं कायदा कलमवार, कधी कुठली दुरुस्ती झाली त्यासकट वाचता येतो आणि तोच मजकूर कुणालाही डाऊनलोड करून स्वतःच्या ॲपमध्ये वापरता येतो. आफ्रिकेतल्या संसदांसाठी संयुक्त राष्ट्रांनी अकोमा न्टोसो नावाचा फॉरमॅट तयार केला, तो आता जगभर मानक म्हणून मान्य आहे, फुकट आहे. पैशाचं किंवा तंत्राचं कारण कुणी सांगत असेल तर ते मला मान्य नाही.

तेव्हा येत्या अधिवेशनात निवेदन देताना मराठी परिपत्रकांच्या मागणीखाली आणखी एक ओळ घाला असं माझं म्हणणं आहे: विधेयक मांडलं त्याच दिवशी त्याचा मजकूर युनिकोडमध्ये वेबसाईटवर टाका. निवेदनाचा खर्डा मी करतो, भाषा तुम्ही तपासा, तुमचा अनुभव त्यात मोठा आहे. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडं ३ए ची जुनी अधिसूचना फाईल म्हणून असेल (झेरॉक्सचा फोटो नको) तर पाठवा, तिच्यातले सर्व्हे नंबर वेगळे काढून मराठीत गाववार यादी करता येते का ते आधी त्याच्यावर करून बघतो आणि जे निघेल ते इथंच टाकतो.